दिवेलागणीच्या बांगड्या

पडेगाव

प्रिय रहीमभाई,

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण अब्बांना मराठी वाचता येत नाय. चिडू नको, पुढं वाच.

तू ईदला येणार हे कळल्यापासून अब्बा लई खुशीत आहेत. माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकतीय. पोलीस ॲक्शनला दोन वर्षं झाली, तरी अब्बांपुढं एकही बाई हात करत नाय. बांगड्या भरणाऱ्या मण्याराच्या हातात बायांनी हात नाय दिला, तर त्यानं खावं काय? सगळ्यांचं एकच म्हणणं, चांदपाशा मण्यार रझाकारांचा वाटाड्या होता. तो दिवेलागणीला बांगड्या घेऊन वाडीत यायचा, अन् पाठोपाठ रझाकार यायचे.

खोटं कशाला बोलू, संशय मलाही होता. दिव्याच्या वेळी कुणी बांगड्या भरतं व्हय? अब्बा नेमकी तेव्हाच टोपली उचलायचे, अन् परतायचे तेव्हा एकही बांगडी खपलेली नसायची. विचारलं तर म्हणायचे, पाय मोकळे करून आलो. डोक्यावर टोपली घेऊन?

परवा बाजारात वाडीच्या साळूबाईनं माझा हात धरला अन् रडायलाच लागली. म्हणाली, तेच तर आमचं ठरलं होतं. अवेळी मण्याराची हाळी आली की लेकरंबाळं घेऊन डोंगराकडं निघायचं. बाकीच्या बायांना ती सांगायची, नवऱ्यानं सरहद्दीवरच्या सत्याग्रह्यांच्या कॅम्पातून निरोप धाडलाय. अब्बांनी तिला लेकराची शपथ घातली होती. आता तिला राहवेना. चावडीवर सगळं सांगते म्हणाली, तर अब्बांनी तिचे पाय धरले.

स्वतःचं नाव धुऊन निघतंय तर माणूस पाय कशाला धरेल? मी विचार करत राहिले. तेवढ्यात साळूबाईनंच विचारलं, "पोरी, चांदभाईला आधी खबर द्यायचं कोण?"

मी घरची वाट धरली.

भाई, गावाला वाटायचं तू औरंगाबादेत दुकानात कामाला आहेस. पिशवीतली रझाकाराची खाकी फक्त घराला ठाऊक. आज कुठं जायचंय, हे भाकर मोडता मोडता फुशारकीनं कोण सांगायचं? अब्बा खाली मान घालून ऐकायचे. खबर कुणाची, हे निघालं असतं तर गावानं तुला सोडलं नसतं. म्हणून त्यांनी तुझा डाग आपल्या अंगावर घेतला. ईदला ये, पण आधी साळूबाईच्या दारात जा अन् तुझ्या तोंडानं सांग. जमत नसेल तर येऊच नको. भाईला रजा मिळाली नाय, असं अब्बांना मी सांगेन.

तुझीच,
सगीरा