पाळीचं कुणी विचारलंच नाही

बुधवार, संध्याकाळ

रिपोर्ट नॉर्मल आला. तरी सदर बाजारातल्या त्या डॉक्टरांचं हसणं डोक्यातून जात नाही.

महिन्यापूर्वी माझं बीपी वाढलेलं आणि रक्तात अल्डोस्टेरॉन, म्हणजे बीपी वाढवणारं हार्मोन, जास्त, तेव्हा किडनीवरच्या ग्रंथीत गाठ असेल म्हणाले. कुणाला? ह्यांना. "भाईसाहब, ऑपरेशन भी लग सकता है." आजारी मी, आणि बोलणं भाईसाहबांशी.

मी म्हटलं, "डॉक्टर साहब, ख़ून पीरियड से हफ़्ता भर पहले लिया था. तब प्रोजेस्टेरॉन बढ़ता है, उससे अल्डोस्टेरॉन भी." कॉलेजात शरीरशास्त्र शिकवते मी. ते हसले. "मैडम, गूगल कम देखिए." आणि पुन्हा भाईसाहबांकडे वळले. बाईचं रक्त महिनाभर एकसारखंच असतं, अशी समजूत असलेला हा मोठा डॉक्टर! आणि हे मान डोलावत बसलेले.

म्हणून पाळी आल्यावर मी एकटीच दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, पुन्हा रक्त दिलं. आज त्या म्हणाल्या, बीपीची गोळी चालू ठेवा, ऑपरेशनचं विसरा.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, एकदा डॉक्टरसाहेबांना विचारू या, हा रिपोर्ट बरोबर आहे का."

मी ह्यांचं ताट वाढलं, आणि माझं घेऊन आतल्या खोलीत जाऊन जेवले.