मोकळं सोडलेलं अर्धं पान

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची. पासष्टाव्या वर्षी नवी नोकरी, तीही राहून-जेवून! खोली वरच्या मजल्यावर, खिडकीखाली भक्कम टेबल, दिव्याचं बटण हाताशी. जीव खूश झाला. या घरचा एकुलता मुलगा सैन्यात अधिकारी होता. अकरा वर्षांपूर्वी, सव्विसाव्या वर्षी लढाईत गेला. त्याचं चरित्र लिहायचंय. आधी दोन लेखक येऊन गेले. त्यांची बाडं चाळली. ‘तेजस्वी तारा’ काय, ‘धगधगता अंगार’ काय! पानोपानी तोफांची सलामी, मुलगा कुठेच नाही. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी असल्या निबंधाला शून्य देऊन वर्गाबाहेर उभं केलं असतं.

५ नोव्हेंबर
माझी पद्धत समजावून सांगितली. मजकूर पानाच्या डाव्या अर्ध्यात, उजवा अर्धा मोकळा. तिथे घरच्यांनी दुरुस्त्या करायच्या; त्याच्या आईंनी निळ्या शाईने, भाऊंनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, हिरव्या. चौतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, हाताला वळणच तसं. ही रोजनिशीसुद्धा डावीकडेच लिहितेय.
भाऊ घड्याळं दुरुस्त करतात. म्हणाले, आमच्या लेकाला देव करू नका, पक्का उनाड होता, न विचारता माझी स्कूटर पळवायचा. आई म्हणाल्या, हे अजिबात लिहायचं नाही. भाऊ म्हणाले, बाई, आधी हेच लिहा.

९ नोव्हेंबर
‘शाळेत हुशार’ या शब्दांसमोर आज पेन्सिलीने लिहिलेलं: ‘कोण म्हणतं? गणितात दोनदा दांडी गुल.’ हसू आलं. भाऊंचा चावटपणा म्हणून त्यांना दटावलं. ते म्हणाले, घरात पेन्सिलच नाही. शेजारी मातकट अंगठा उमटलेला. लिहिताना माणसाने निदान हात तरी धुवावेत!

१४ नोव्हेंबर
फार थकले. दिवसभर त्याची पत्रं वाचतेय. पराक्रम नावालाही नाही. ओले मोजे, न झालेली झोप, हाताखालच्या एका जवानाची दाढ. चार महिने एका टेकडीवरच्या चौकीत. शेवटच्या पत्रात एवढंच, की घरी आल्यावर मला कुणी उठवू नका.
पेन्सिल रोज येते. आज तिची टिपणं पत्रांशेजारी ठेवून पाहिली. अक्षर तेच.
गेलेल्या पोराचं अक्षर गिरवता, लाज नाही वाटत? दोघांना चांगलं फैलावर घेतलं. आई रडल्या. भाऊ खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. शेवटी लाज मलाच वाटली.

१७ नोव्हेंबर
शेवटचं प्रकरण. आईंनी सैन्याकडून आलेलं पत्र दिलं: गोळी लागताच मृत्यू, वेदना झाल्या नाहीत. लढाई चालू असल्याने देह चौथ्या दिवशी हाती आला.
आई सांगत होत्या, नेमके ते तीन दिवस फाटकापाशी कुणीतरी ‘आई’ म्हणून हाक मारतंय असं वाटायचं. भरल्या ताटावरून उठायच्या. फाटकाशी कुणी नसायचं. मग पत्र आलं आणि कळलं, तो भासच. कारण तो तर पहिल्याच दिवशी गेला होता. म्हणाल्या, बाई, त्याला काही कळलंच नाही, या एका वाक्यावर मी अकरा वर्षं तगलेय.
ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

१८ नोव्हेंबर
त्या वाक्यासमोर पेन्सिलीने: ‘खोटं. तीन दिवस.’
पान अजून खाली नेलंही नव्हतं. भर दुपार. खोलीत मी एकटी.

१९ नोव्हेंबर
पान फाडलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच, खाली आणखी चार ओळी. गोळी पोटात लागली. माणसं मागे हटली. तो गेला असं वायरलेसवर कळवलं. हे त्याने पडल्या पडल्या ऐकलं.
जन्मभर पोरांचं खोटं लाल शाईने खोडत आले, आणि आता स्वतःच छापायला निघालेय. छापीन! मोकळ्या खुर्चीला मोठ्याने सांगितलं: तू सैनिक ना, मग आईसाठी एवढं आणखी सोस.
खुर्ची मागे सरकली.

२० नोव्हेंबर
आज उजवीकडे जागाच सोडली नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत लिहिलं. पान स्वच्छ राहिलं.
खुर्चीवर ओली माती. पुसली. परत आली.
आधीच्या दोन लेखकांची बाडं पुन्हा काढली. दोघांनीही शेवटचं पान फाडलंय. आधी लक्षातच —

२१ नोव्हेंबर
सामान भरलं. आईंना सांगितलं, झालं, निघते. त्या म्हणाल्या, थांबा, चहा घेऊन वर येते, शेवटचं पान तुमच्यासमोरच वाचते.
वाचू देत. तीनदा पाहिलं. पेन्सिल नाही. कुठेही मोकळी जागा —

जागा —

या वहीत आहे. पहिल्या दिवसापासून सोडलेली. उजवीकडे — मागची पानं उलटली — सगळी पेन्सिलीने भरलीय — तीन तारखेपासून —

वही मिटत नाही. जिन्यावर आई. कपबशी वाजतेय. फाडायला हवी — हात उचलवत नाही — उजवीकडे सरकतोय — ही पेन्सिल माझ्या हातात कुणी —

आई, फाटकापाशी मीच होतो. तीन दिवस. तू उठलीस, दारापर्यंत आलीस, आणि परत जेवायला —