ब्रेक बघितला होतास ना?

अण्णा, मला भीती वाटते आहे. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. साताऱ्यातलं तुमचं भाड्याच्या सायकलींचं दुकान बंद झालं, तुम्हालाही जाऊन आता किती वर्षं झाली, आणि मी इथे नेदरलँड्समध्ये पुन्हा भाड्याच्या सायकलींतच अडकले आहे. सगळा देश पोळपाटासारखा सपाट, माझ्या नशिबी मात्र टेकडीवरचं जुनं शहर आलं. लोक सकाळी वरच्या स्टँडवरची सायकल मोबाइलने उघडतात, दगडी उतारावरून मजेत नदीकाठी जातात आणि येताना चढ नको म्हणून बस धरतात. वरचे स्टँड रिकामे, खाली नुसता ढीग. तो टेम्पोत घालून वर आणायचं काम आमच्याकडे. उतरवताना मी प्रत्येक सायकलचे दोन्ही ब्रेक दाबून ती पुढे ढकलून बघायचे, अगदी तुमच्यासारखी. गेल्या आठवड्यात मॅनेजर म्हणाले, "यात फार वेळ जातो, बंद करा. बिघाड असला तर लोक ॲपवर कळवतीलच." मी मान डोलावली आणि ब्रेक बघणं सोडलं.

आज शाळेला उशीर झाला म्हणून तुमच्या नातीने आमच्याच स्टँडवरची सायकल काढली. "आई, ब्रेक्स ओके ना? यू चेक्ड?" मी हो म्हणाले. ती वळणापलीकडे गेली आणि माझ्या लक्षात आलं, ही सायकल मी बघितलीच नव्हती. घरातल्या चपलांनिशी उतारावर धावत सुटले. खाली सिग्नलला ती उभी होती. मला बघून ओशाळली. "आई, प्लीज! एव्हरीवन इज लुकिंग." मी तिथेच ब्रेक दाबून सायकल ढकलली. लागला. तरी पुन्हा एकदा दाबून बघितला.

कारण मला ते गुरुजी आठवले. आपल्या सायकलवरून उतारावर पडले, पाय मोडला, आणि तुम्ही महिनाभर रोज त्यांच्याकडे डबा नेलात. तुम्ही जेवायला गेला होतात, सायकल मी दिली होती. "ब्रेक बघितला होतास ना?" एवढंच एकदा विचारलंत. मी हो म्हणाले. तुम्ही रागावलाही नाहीत. तो ब्रेक आदल्या दिवशी तुम्हीच बसवला होता, म्हणून चूक तुमच्याच हाताची, असं धरून चाललात. पुढे ब्रेकचं काम तुम्ही दुसऱ्याकडून करून घ्यायला लागलात. मी ते बघत होते.

उद्या मॅनेजरना सांगणार आहे, ब्रेक बघितल्याशिवाय मी सायकल स्टँडला लावणार नाही. सांगायला तोंड उघडेल की नाही, याचीही भीतीच वाटते. हे पत्र घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवते, पाठवणार तरी कुठे? अण्णा, त्या दिवशी मी ब्रेक बघितला नव्हता.