गोकुळच्या नावावरचा नंबर

४ नोव्हेंबर

रंजनाची डिलिव्हरी अ‍ॅपे रिक्षात झाली. गावाबाहेरच्या नाल्याजवळ. मुलगी. दोघी बऱ्या आहेत.

मला कळलं दुपारी, सर्व्हे करून घरी आल्यावर. तिची सासू ओट्यावर येऊन बसली होती. सकाळपासून मला फोन लावत होते. मी दोन गल्ल्या पलीकडेच होते, मोबाइल हातात. वाजलाच नाही. सासू रागावली नाही. नुसती म्हणाली, "ताई, तुना फोन लागसच नही. मंग आम्ही कोनले बलावानं?"

गावात आशा सेविका म्हणून मीच आहे. चहा ठेवला, तिने घेतला नाही.

५ नोव्हेंबर

रंजनाला बघून आले. नाळ दवाखान्यात पोचल्यावर कापली, तोवर बाळ तसंच पदरात. रिक्षावाला सारखा मागे वळून बघायचा, त्याच्यावर ओरडावं लागलं म्हणे. आता हसून सांगतात.

उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, कंपनी बदला. दुसऱ्या कंपनीचा टॉवर शाळेमागे उभा राहिलाय, लोकांना घरातसुद्धा रेंज येते. पण नंबर हाच ठेवा. ते तर मलाही कळतं. हा नंबर उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवलाय. गरोदर बायांच्या प्रत्येक कार्डावर आहे. वरच्या पाड्यांवरच्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नाही, पण माझा नंबर तोंडपाठ आहे. त्यांना नवा कोण शिकवणार.

नंबर तोच, कंपनी दुसरी. पोर्ट. उद्या चोपडा.

६ नोव्हेंबर

सकाळी मेसेज पाठवला, पोर्टचा कोड आला. चार दिवस चालतो. चोपड्याला बाजारपेठेतल्या मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदाराने माझं आधार घेतलं, मग माझ्याच फोनमध्ये जुन्या कंपनीचं अ‍ॅप उघडलं, आणि थांबला.

"ताई, नंबर तुमच्या नावावर नाहीये. घरात गोकुळ कोणी आहे का?"

माझा धाकटा दीर. विसरूनच गेले होते. आशाचं काम लागलं तेव्हा माझ्या कागदांवर माहेरचं नाव, सिम मिळेना. गोकुळ म्हणाला थांब, स्वतःचे कागद दिले आणि घेऊन आला. "वहिनी, आते तू सरकारी बाई व्हई गयी."

दुकानदार म्हणे, त्यांना आणा. आधार, अंगठा, फोटो, पाच मिनिटांचं काम. इथेच असं नाही, ते राहतात तिथल्या दुकानातही होईल. नाव वेगळं असताना अर्ज टाकला तर रद्द होऊन येतो.

गोकुळ धुळ्याला असतो. सहा वर्षं झाली आमच्याशी बोलत नाही. हे दुकानदाराला कशाला सांगू. बरं म्हटलं आणि निघाले.

ह्यांना सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, "नवा नंबर ली ले. बठ्ठास्ले सांगी दे." सगळ्यांना सांगायचं म्हणजे किती जणींना, ते त्यांना काय. हात धुतला आणि मळ्यात गेले.

७ नोव्हेंबर

हे कालपासून मळ्यातच. गोकुळचं नाव निघालं की असंच होतं.

आबा, माझे सासरे, गेले तो दिवस सारखा डोळ्यांपुढे येतोय. सकाळी गेले, झोपेतच. हे गोकुळला फोन लावत होते, मी शेजारी उभी. अंगणातून, गच्चीवरून, मारुतीच्या पारावरून. लागेना. शेवटी वंदनाच्या, म्हणजे गोकुळच्या बायकोच्या माहेरी शिंदखेड्याला तेवढा एक फोन लागला, त्यांना म्हटलं, तुम्ही धुळ्याला कळवा. त्यांनी कळवलं, पण उशिरा. इकडे वडीलधारी मंडळी घाई करायला लागली, दिवस असेपर्यंत आटपा. ह्यांनी ऐकलं.

गोकुळ आला तेव्हा चिता पेटून बराच वेळ झाला होता. घरी आला नाही. स्मशानातूनच परत गेला. दहावं धुळ्यात वेगळं केलं. त्याचं म्हणणं, फोन केलाच नाही, धाकट्यासाठी थांबायचंच नव्हतं. ह्यांचं म्हणणं, सख्ख्या भावाला जे खरं वाटत नाही ते मी शपथा घेऊन सांगणार नाही.

दोघांच्या मध्ये मी काय बोलणार. बोलले नाही कधी. पण आता रंजनासारखं दुसरीचं झालं तर?

गच्चीवर जाऊन वंदनाला फोन केला. तिसऱ्यांदा लागला. म्हणाली, "या ना ताई." एवढं बोलून तिने ठेवला. मीही ठेवला.

८ नोव्हेंबर

धुळ्याला जाऊन आले. अमळनेरमार्गे, बसायला जागा मिळाली. ह्यांना सकाळी सांगितलं, धुळ्याला चालले. "बरं" म्हणाले.

गोकुळचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, घराच्या पुढच्याच खोलीत. तारेची वेटोळी, वार्निशचा वास. चष्मा लागलाय त्याला. मला बघून उठला, स्टूल पुसून दिलं.

"बस वहिनी. पानी पे."

वंदनाने पोहे केले. मुलांची चौकशी झाली, केळीच्या भावाची झाली. मग त्यानेच विचारलं, "भाऊनी धाडं का?"

म्हटलं, नाही. मीच आले. नंबरचं सगळं सांगितलं. रंजनाचंही. तो हातातली तार गुंडाळत होता, ती थांबली.

"तव्हय बी हाईच सांगं व्हतं तुम्ही. फोन लागना नही."

मी म्हटलं, "आज बी लागस नही, म्हनीसन तर उनू."

त्याने तार बाजूला ठेवली. वंदना दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. वाटलं, आता उठेल, शर्ट घालेल, चल म्हणेल. उठलाही. पण पाणी प्यायला.

"नंबर मना नाववर शे ना? मंग भाऊले धाड. त्यानी येवानं, त्यानी सांगानं. मी अंगठा लाई दिसू."

"आणि तोवर कोणी बाई अडली तर?"

"तू मले अडचणमां टाकू नको, वहिनी."

मी नाही टाकत अडचणीत, असं म्हणणार होते. पोह्यांची बशी आत नेऊन ठेवली. निघताना वंदनाने डबा दिला. स्टँडपर्यंत पोचवायला आली, वाटभर माझा हात धरून होती.

रात्री ह्यांना गोकुळचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. "मी काबर जाऊ," म्हणाले.

१० नोव्हेंबर

कोड संपला. तसा मेसेज आला, तोही गच्चीवर गेल्यावर.

गोकुळचा राग येतो. ह्यांचाही येतो. दोघांनाही आपलं खरं वाटतं, आणि दोघांचंही खरं आहे.

अश्विनीचे दिवस भरत आलेत. पहिलटकरीण, अंगात रक्त कमी. तिच्या नवऱ्याला बजावलं, मला फोन लावत बसू नका. गाडी काढा आणि थेट दारात या. मी घरी नसले तर कुठे गेले ते दारावर खडूने लिहीत जाईन. त्याला हसू आलं. मला नाही आलं.

१२ नोव्हेंबर

दारावर खडूने लिहून जातेय. गल्लीतले वाचतात. कोणीतरी खाली लिहिलं, भाजी काय केली. पुसून टाकलं.

अश्विनीकडे दोनदा गेले. पायांवर सूज. सिस्टरना दाखवलं.

संध्याकाळी हे दाराशी उभे राहून ते खडूचं वाचत होते.

१३ नोव्हेंबर

सकाळी हे आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आले. "मोटर जळी गई. धुळाले ली जास."

मळ्यातली मोटर काल संध्याकाळी चालू होती. मी स्वतः बंद केली. चोपड्यात दोन रिवाइंडिंगवाले आहेत. निघताना म्हणाले, "तुना फोन दे."

दिला. भाकरी बांधून दिली. शेजारच्याच्या पिकअपमध्ये मोटर ठेवून गेले.

मग एकदम लक्षात आलं, आज तर माझ्याकडे फोनच नाही. सगळा दिवस अश्विनीच्या घरीच बसून काढला. तिच्या सासूसोबत तुरीच्या शेंगा सोलल्या.

हे दिवेलागणीला आले. मोटर परत आणली. फोन दिला आणि एक पाकीट, त्यात नवं सिम. म्हणाले, कोड पुन्हा मागवला, गोकुळने अंगठा दिला; जुनं बंद पडेल तेव्हा हे टाकायचं, दोन-तीन दिवस लागतील.

"मोटरचं काय झालं?"

"गोकुळनी उघाडी. म्हने काय व्हयेल नही हाईले."

"मग?"

"मंग बंद करी दिन्ही."

"बोलनात काय तुम्ही दोन्ही?"

"मोटरनं बोलनूत."

आबांचं काही निघालं का, विचारलं. नाही म्हणाले. जेवले का, विचारलं. हो म्हणाले, वंदनाने कळण्याची भाकरी केली होती. एवढंच कळलं. मी बांधून दिलेली भाकरी तशीच परत आली.

१५ नोव्हेंबर

दुपारी जुनं सिम बंद पडलं. रेंजची एकही दांडी नाही. नवं टाकलं, तेही चालू नाही. वाट बघा असं लिहून येतं.

आणि आजच अश्विनीला कळा सुरू झाल्या. नवरा पळत आला. खडूचं वाचून अंगणवाडीत आला, मी तिथे वजनं करत होते. अँब्युलन्स त्याच्या फोनवरून बोलावली, त्याची कंपनी टॉवरवाली. लगेच लागला. गाडीही आली. तिच्यासोबत मी गेले. वाटभर माझा हात असा दाबून धरला की बांगडी पिचली.

मुलगा. वजन थोडं कमी. अश्विनीला रक्त चढवावं लागलं. आता बरी आहे. मी दवाखान्यातच थांबले, तिच्या आईला यायला वेळ होता.

१६ नोव्हेंबर

सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात नवं सिम चालू झालं. पहिला फोन सिस्टरांचा. दुसरा पाड्यावरून, पोराला ताप आलाय, काय देऊ.

घरी आले तर स्वयंपाकघरात सगळ्या दांड्या. चुलीपुढे बसून फोनवर बोलता येतं. सवय नाही, उगाच उठून गच्चीकडे जायला निघते.

चोपड्याच्या दुकानदाराला विचारून ठेवलं. नंबर माझ्या नावावर करायचा तर काही महिने थांबावं लागेल आणि तेव्हा गोकुळची पुन्हा गरज पडेल. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "राहू दे त्याना नाववर."

१९ नोव्हेंबर

लसीकरणाची यादी करत बसले होते. फोन आला, गोकुळ.

"वहिनी, ऐकाले येस का?"

म्हटलं, स्वच्छ येतंय. बरं म्हणाला. रंजनाची पोरगी कशी आहे विचारलं. त्याला रंजनाचं नाव लक्षात होतं. मग म्हणाला,

"भाऊ शे का?"

हे मळ्यात, केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं काढत होते. त्याला म्हटलं, ठेवू नको, आणि निघाले. बांधावरून पोचेपर्यंत फोन कानाला धरूनच चालले. फक्त त्याच्या दुकानातला खडखडाट ऐकू येत होता.

ह्यांच्या हातांना केळीचा चीक लागलेला. मी म्हटलं, गोकुळ आहे. त्यांनी विळा खाली ठेवला, हात धोतराला पुसले, फोन घेतला. "हा, बोल," म्हणाले.

मी तिथे थांबले नाही. घराच्या कोपऱ्यावरून वळून पाहिलं. हे केळीच्या ओळीत पाठमोरे उभे होते, फोन कानाला. मान हलत नव्हती, हात हलत नव्हता. दोघांतला बोलत कोण होता, कळलं नाही.