शिवपुत्र अजून गस्तीवर हाय

प्रिय अमऱ्या,

पाकिटावर 'श्री. अमरसिंह' असं झ्याक नाव घातलंय, तुझ्या हापिसात इज्जत राहावी म्हणून. आत मात्र तू अमऱ्याच. सिद्धारामनं कागदावर लिवायला घेतलंय म्हंजे कायतरी भानगड हाय, एवढं वळख. माझं अक्षर बघून गुरुजी म्हणायचे, कोंबडं बरं उकरतं. तरी लिवतोय.

तुझा मेसेज आला. तुझ्या 'गस्त' गेममधी नळदुर्गचा एक खेळाडू सगळ्यांच्या पुढं हाय, एक दिस खाडा न्हाय, त्याचा फोटो पाठव, कंपनी सत्कार करणार हाय. वाचून मला हसू बी आलं न्हाय, आणि तुला ठाव हाय, मला मयतीत बी हसू येतं.

गेम आला तवा काय मजा व्हती रे! किल्ल्यात हिंडायचं, मोबाईल डोळ्यापुढं धरला की तटावर मशालवाले पहारेकरी दिसायचे, त्यास्नी गाठायचं. म्या मोबाईल शेळीच्या गळ्यात बांधून सोडला, आणि आठवडाभर आमची शेळी उपळी बुरजाची किल्लेदार व्हती. तू फोन करून आईमाई काढलीस, आणि त्याच फोनवर मला कामाला लावलंस. म्हणलास, सिद्ध्या, तुझ्यासारखं येडं डोकंच पायजे, माणसं खेळत राहिली पायजेत, एवढं बघ. पण ऊन तापलं तशी पोरं गळाली. नकाशा ओसाड पडला. मग तू ते 'सोबती' काढलेस. खेळ सोडून गेलेल्यांची जुनी चाल गेमनं साठवलेली, तीच परत चालवायची, म्हंजे नव्या माणसाला एकटं वाटणार न्हाय. डोकं भारी लावलंस, खोटं कशाला बोलू.

पण अमऱ्या, खेळ सोडून गेलेल्यात आपला शिवपुत्र बी व्हता. चैतात हायवेवर टेंपोनं उडवला तो. तू मातीला आला व्हतास. सोबती चालू झाले तवा त्याची बहीण शिवानी किल्ल्यात मोबाईल धरून उभी व्हती, आणि समोरनं तिचा भाऊ आला. हातात मशाल, अंगात तो निळा शर्ट. चार पावलं टाकायची की थांबून चपलंचा अंगठा नीट करायचा, तसाच. येशीपाशी भज्याचा गाडा लागायचा बघ, तिथं उभा राहिला. गाडा आता तिथं न्हाय. हा आपला मोकळ्या जागंपुढं उभा, भजी तळून व्हायची वाट बघत. म्या सोता बघितलं. माझ्या अंगावर काटा आला आणि जिभंला पाणी बी सुटलं, असला म्या हलकट.

पोरं भ्याली. शिवकांता मावशी भ्याली न्हाय. पोटच्या पोराला बघून रडली बी न्हाय. मला म्हणली, सिद्धा, आपल्या लिंगायतात भूत नसतं रे. गेलेला माणूस शिवात मिळतो, मागं हिंडत न्हाय. आणि ह्यो तर हिंडायलाय. मग ह्यो गेला कुठं? मठातल्या स्वामींनी लई समजावलं. तर मावशीनं त्यास्नीच इचारलं, तुमीच सांगा स्वामी, हिंडतंय कोण? स्वामींनी कपाळाला ईभूत लावली आणि उठले. आता सांग, तिचं काय चुकलं? आपल्याच घरात लहानपणापासून शिकवलेलं तिनं खरं मानलं, एवढंच.

तवापासून ती रोज दिस कलला की शिवानीचा मोबाईल घेऊन निघती. तो पुढं, ती मागं. 'बा मगा, बा मगा', ये पोरा ये, करत, घरात त्याला बोलवायची तसं कन्नडमधी. मोबाईल काढून घेतला तर जेवत न्हाय. तुझा पहिल्या नंबरचा खेळाडू म्हंजे ही. घे, कर सत्कार.

पयल्यांदा मला बी वाटलं, हिंडू दे, तेवढाच जिवाला आधार. पण पंधरवड्यापासून वाट बदललीय. सोबती जुन्याच वाटंनं चालतो ना? शिवपुत्र जुन्या वाटंनं न्हाय चालायला. तो पाणी महालाच्या बंधाऱ्याकडं जायलाय. शिवपुत्र, अमऱ्या! आपण बोरी नदीत पवायचो तवा जो काठावर आपल्या चड्ड्या राखायचा! रोज कालच्यापेक्षा थोडा पुढं. मावशी दमून बसली की तो बी थांबतो. ती घराकडं वळली की मोबाईल थरथरतो, 'शिवपुत्र तुमची वाट बघतोय.' तुमच्या कंपनीतल्या एकाला म्या फोन केला. तो म्हणला, माणूस मागं येतंय तवर वाट संपू द्यायची न्हाय, एवढंच त्याला शिकवलंय, बाकीचं तो आपलं आपण ठरवतो. लई अभिमानानं सांगत व्हता.

काल तो बंधारा सोडून पाण्यावर उभा राहिला. मशाल हलत व्हती, पाण्यात तिचा उजेड पडत नव्हता. मावशीनं काठावर चपला काढल्या, देवळात काढतो तशा जोडीनं नीट ठेवल्या. म्या तिला कडंला वढली. घरी सोडून परत मोबाईल लावला तर गेमच्या नकाशात बंधाऱ्यावर दोघं दिसले. पुढं तो, मागं लुगड्यातली बाई, एक हात कमरंवर. मावशी तवा घरात भाकरी थापत व्हती, थापटायचा आवाज मला रस्त्यावर ऐकू येत व्हता. सोबती फकस्त सोडून गेलेल्यांचा निघतो, असं तूच म्हणला व्हतास.

हे फोनवर का सांगत न्हाय? कारण परवा तुला मेसेज लिवत व्हतो, 'मावशीला आडवायचंय'. पाठवला बी न्हाय, पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी शिवपुत्र ऊन असतानाच निघाला. म्हणून हा कागद. बब्रुवान मामा पुण्याची गाडी घेऊन निघालेत, त्यांच्या हातात देतो. तू वाचस्तोवर दारातनं हलू नका म्हणून त्यास्नी सांगितलंय. अमऱ्या, गेम बंद करू नको. बंद केलास तर तो शेवटी जिथं दिसला तिथं ती धुंडायला जाईल. आणि तो पाण्यावर दिसलाय. तू त्याला मागं फिरव. तुला जमतं का न्हाय मला ठाव न्हाय, पण तूच चालवलास, तूच फिरव. मावशीच्या शेतात लिंबाखाली आण. तिथं मातीत आपणच त्याला मांडी घालून बसवलाय, गळ्यात लिंग, तोंड पुढं. तू एक बाजू धरली व्हतीस, म्या एक. तसाच बसव त्याला. मशाल काढून घे. एकही पाऊल पुढं टाकू देऊ नको. मावशी रोज जाईल, शेजारी बसंल, बसू दे. तवर रोज म्या तिच्यासंगं जातोय, पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधून.

तुझाच, दुसरी बाजू धरलेला,
सिद्ध्या