मामा, हे पत्र खरंच माझं आहे

ती. मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार. तुमचा खोकला गेला का? मामींचा गुडघा काय म्हणतोय? इकडे मी मजेत आहे (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, खरं तर जिना चढताना स्वतःच्याच पावलांना दचकते). पत्र मुद्दाम हाताने लिहिलंय. अक्षर नीट बघा. 'र'ची शेपटी मी लहानपणापासून जरा जास्तच लांब काढते, हे तुम्हाला ठाऊक आहे. काहीही झालं तरी शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फाडू नका.

माझी नोकरी म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरांची राखण. खिडकी नसलेली खोली, भिंतभर स्क्रीन, आणि कुठे काही संशयास्पद घडलं की लाल ठिपका. आमच्या मुख्य बाईंनी (पाठीमागे सगळे त्यांना चाळणीबाई म्हणतात) पहिल्याच दिवशी सांगितलं की इथे कुणावरही विश्वास ठेवायचा नाही, सख्ख्या आईने पाठवलेल्या फोटोवरसुद्धा. मी मुळातच भित्री, त्यात हे ऐकलं. दुसऱ्याच आठवड्यात दोन्ही हातांत पेट्या घेतलेले एक गृहस्थ म्हणाले, ताई, जरा दार धरता का? गळ्यात ओळखपत्र नव्हतं, मी दार धरलं नाही. अर्धा तास उन्हात उभे होते बिचारे. निघाले कोण, तर आमचा रक्तदाब तपासायला आलेले डॉक्टर! त्यांनी सगळ्यांत आधी माझाच तपासला आणि आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. चाळणीबाईंनी मात्र माझी पाठ थोपटली, आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

मग मी तुम्हाला शिकवायला घेतलं. रोज फोन करून तुमचे कान किटवले. अनोळखी ईमेल उघडायचा नाही, कुणी घाई करायला लागलं की समजायचं भामटा आहे, आणि हल्ली आवाजाचीसुद्धा हुबेहूब नक्कल होते, म्हणून आपण दोघांनी एक खूणशब्द ठरवला. तुम्हीही कसले विद्यार्थी हो! गेल्या आठवड्यात तुमचा फोन आला की आज एका चोराला हाकललं, तुझ्या कंपनीचं नाव लावून तुझी चौकशी करत होता. मी म्हटलं, शाब्बास मामा.

तो चोर नव्हता, मामा. आमच्या भरतीवाल्या बाई होत्या. कायम करण्याआधी, ज्यांच्या हाताखाली आपण काम केलंय अशा एका माणसाचं मत मागवतात. मी सुट्ट्यांमध्ये तुमच्या घड्याळाच्या दुकानात बसायचे ना, म्हणून तुमचं नाव दिलं, आणि सांगायचंच विसरले. बाईंनी तुम्हाला तीनदा ईमेल केला. तुम्ही दोनदा पुसलंत आणि तिसऱ्यांदा त्यांना, लाज वाटत नाही का, असं कळवलंत. ते उत्तर त्यांनी मला छापून दाखवलं. पुढच्या शुक्रवारी पाचपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही, तर माझी नोकरी गेली.

लगेच तुम्हाला फोन लावला, तर तुम्ही शांतपणे खूणशब्द विचारलात. मामा, तो मला आठवेना! (कुठेही लिहून ठेवायचा नाही, हा नियमही माझाच.) मी रडायला लागले, तर तुम्ही मामींना म्हणालात की बघ, रडणंसुद्धा किती हुबेहूब करतात, आणि फोन ठेवलात. आईला मध्ये घालावं, तर मी कायम झालेय अशी थाप तिला आधीच मारून बसलेय. स्वतः यावं, तर कायम होईपर्यंत रजा नाही.

तेव्हा भरतीवाल्या बाईंना उत्तर द्या. मामींना नमस्कार. प्रकृतीला जपा.

तुमची,
भाची

ता.क. हे पत्र माझंच कशावरून, हे तुम्ही विचारणारच. मीच शिकवलंय. माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही अशी एकच गोष्ट आहे. मी दहा वर्षांची असताना शाळेच्या हेडबाईंचं मनगटी घड्याळ तुमच्या टेबलावर उघडं होतं आणि तुम्ही जेवायला गेला होतात. मी चिमटा घातला. आतली केसासारखी स्प्रिंग वाकली, एक स्क्रू उडाला. मी झाकण लावून गप्प बसले. तुम्ही आलात, बघितलंत, आणि कितीतरी वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिलात. मामींना म्हणालात, हात थरथरायला लागला बहुतेक. त्या दिवसापासून तुम्ही मनगटी घड्याळं घेणं बंद केलंत, नुसती भिंतीवरची घेता. तुमचा हात थरथरला नव्हता, मामा. तो स्क्रू मला नंतर सापडला. तुमच्या भिंगाच्या डबीतली मखमल उचला, तिच्याखाली आहे. मला माफ करा.

ता.क. २ एवढं लिहिलं आणि खूणशब्द आठवला. आता फोन केला तर दोन मिनिटांत काम होईल आणि हा कागद फाडता येईल. तासभर फोन हातात धरून बसलेय. नाही करत. पत्रच पाठवते. बाईंना माझ्याबद्दल जे वाटेल ते लिहा.