परड्यातल्या जांभळीच्या बिया

कोल्हापूर, १२ मे २००१
चि. भाऊ गणपतीस,
आक्काताईचा जय भीम. वि. वि. डबा पोचला का? जांभळाच्या बियांची पूड हाय. रोज सकाळी चमचाभर, कोमट पाण्यातनं. डागतरची गोळी बंद करायची न्हाय, सांगून ठेवते. साखर रक्तात झालीय, डोस्क्यात न्हाय, तवा ऐकावं. पुडीच्या निमतानं तरी चार ओळी लिव्ह. दिवाळीपासनं पोस्टमन नुसता दारावरनं जातोय. निशाला आत्याचा गोड पापा.
तुझी, आठवण काढणारी,
आक्काताई

नागपूर, २४ मे २००१
ती. आक्कास,
सप्रेम जय भीम. डबा मिळाला. गोळी चालू आहे, रागावू नकोस. पण आक्का, ही पूड आपल्या परड्यातली वाटत नाही. तुझी जात्यावरची भरड असते, जिभेला धरते. ही अगदी पिठासारखी. निशा विचारते, आत्याने मिक्सर घेतला का? यंदाही येणं जमत नाही, तिचे क्लास सुरू झालेत. माया आहे तशीच असू दे.
तुझा गणपती

कोल्हापूर, ३ जून २००१
चि. गणपतीस,
जय भीम. वि. वि. एकटीच्या चटणीला मिक्सर कशाला? पूड शाहूपुरीतल्या दुकानातनं आणली. आपल्या झाडाची म्हणून खपवली. झालं बोलून.
बी कुठनं येती, कधी इचार केलास? आधी कुणीतरी जांभूळ खाया लागतंय की! आपण चौघं भावंडं पायरीवर बसून खायचो, आई पुढ्यात परात ठेवायची. बिया धुऊन पत्र्यावर वाळवायची. तू मुद्दाम परातीभाईर थुकायचास. गेल्या साली एकटीनं खाऊन खाऊन माझा घसा धरला. आठ दिस आवाज बंद. कुणाला कळलंबी न्हाय. बिया मूठभर. बाकी समदं पाखरांनी खाल्लं. खाली पडून सडलेलं आईनं कधी घेतलं न्हाय, मी बी घेत न्हाय.
औंदा झाड लगडलंय. जांभूळ खायाला डागतरची ना न्हाय, मागं तूच लिवलंतंस. तवा डबा यायचा न्हाय. पूड पायजे तर निशाला घिऊन ये आणि खा. क्लासवाल्याला सांग, आत्या मेली. मी रागावणार न्हाय. म्हैनाअखेर झाड मोकळं हुतंय.
परात घासून पायरीवर ठेवलीय. भाईर थुकलास तरी मी येचीन.
वाट बघणारी,
आक्काताई